माझ्या जाऊबाईंचे आंधळे मासे

अख्ख्या जालना जिल्ह्यात आंधळ्या माशांपायी रजा काढणारी, सासूचा अबोला ओढवून घेणारी आणि भर उन्हाळ्यात विहिरीत उतरणारी बाई आजवर एकच झाली, आणि ती माझी मोठी जाऊ. यातलं काहीही मी वाढवून सांगत नाही. त्यांचा मुलगा शाळेतून ताप घेऊन आला तर जाऊबाई त्याला गोळी द्यायच्या, कपाळाला हात लावून "झोप, उतरंल" म्हणायच्या आणि कॉलेजात शिकवायला निघून जायच्या. पण एखादा मासा जरा तिरका पोहायला लागला की कॉलेजात फोन जायचा, घरी अडचण आहे. प्राचार्यांची अनेक वर्षं अशी समजूत होती की या बाईंच्या घरी कोणीतरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे. एकदा ते विचारपूस करायला फळं घेऊन आले, तेव्हा आमचे ठणठणीत सासरे अंगणात बाभळीचं लाकूड फोडत होते. प्राचार्यांनी गोंधळून फळांची पिशवी त्यांच्याच हातात दिली आणि लवकर बरे व्हा म्हणाले. सासऱ्यांनी फळं ठेवून घेतली आणि कुऱ्हाड पुन्हा उचलली.

लोकांच्या बैठकीत सोफा असतो, शोकेस असते. जालन्याच्या आमच्या घरातल्या बैठकीत भिंतीला लागून काचेच्या मोठमोठ्या टाक्या होत्या, त्यांच्या पाण्याच्या मोटरी दिवसरात्र घुरघुरत आणि पाहुणे उरलेल्या जागेत बसत. टाक्यांमधले मासे बोटाएवढे, गुलाबीसर पांढरे, दुधात केशर पडता पडता राहिल्यासारखे. डोळ्यांच्या जागी नुसती सपाट कातडी. घडवणाऱ्यानं सगळा चेहरा नीट घडवला आणि तेवढ्यात त्याला कोणीतरी हाक मारली, असं वाटायचं. नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, की यांचे डोळे कोणी काढले. जाऊबाई सांगायच्या, "कुणी न्हाई काढले. त्यांनीच सोडून दिले." एवढं बोलून झालं की पाहुण्याची सुटका नसायची. मेक्सिको देशात डोंगराच्या पोटात गुहा आहेत, तिथल्या अंधारात यांचे पूर्वज नदीच्या पाण्याबरोबर वाहत गेले आणि तिथेच राहिले. बाहेरच्या नदीत यांचे भाऊबंद अजून चांगले डोळे घेऊन फिरतात. जात एकच. दोघांना एका पाण्यात सोडलं तर पिल्लंही होतात. म्हणून तर जगभरचे शास्त्रज्ञ या माशांच्या मागे लागलेले. एक भाऊ डोळस, दुसरा आंधळा, दोघांचे जीन शेजारी मांडून बघितले की अंधारानं नेमकं काय बदललं ते हाती लागतं. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट अशी, की अंड्यातल्या पिल्लाला आधी डोळा फुटतो आणि मग तो हळूहळू विरून जातो. हे सांगताना जाऊबाईंचा आवाज दर वेळी खाली यायचा. "डोळा पाळायचा म्हणजे अंगाला लई खर्चा असतो," त्या म्हणायच्या. "अंधारात त्याचा काय उपयोग? तिथं ज्यांनी तो खर्चा वाचवला ते टिकले. आन् डोळ्याच्या बदल्यात त्यांना अंगभर कान फुटले." तोवर पाहुण्याचा चहा थंड झालेला असायचा.

जाऊबाई अंबड तालुक्यातल्या शेतकऱ्याची लेक. हुशारीच्या जोरावर शिकत शिकत अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या प्रयोगशाळेत काही वर्षं त्यांनी या माशांवरच काम केलं. पुढे वडील आजारी पडले म्हणून परत आल्या आणि इथल्याच झाल्या. अमेरिकेनं त्यांच्या बोलण्यावर काडीचाही परिणाम केला नव्हता. त्या जनुकशास्त्रही ऊस आणि तूर यांच्याबद्दल बोलावं तशा बोलीत बोलायच्या. माझे दीर बियाण्याच्या कंपनीत कामाला. पाहण्याच्या कार्यक्रमात मंडळींनी मुलीला प्रश्न विचारायच्या आत मुलीनंच मुलाला विचारलं, की कपाशीच्या प्लॉटमध्ये तुम्ही नर ओळ आणि मादी ओळ कशी राखता. दिरांनी ते इतकं खुलवून सांगितलं, कळी कशी सोलायची, पराग कसा लावायचा, की दोन्हीकडची वडील माणसं खाली बघायला लागली. लग्न तिथेच जमलं. माशांचं मात्र दिरांना लग्नानंतर कळलं. पुण्याच्या एका दुकानात हौशी लोकांसाठी हेच मासे विकायला असतात हा शोध जाऊबाईंना लागला आणि देवदर्शनाला म्हणून गेलेलं जोडपं पाण्यानं भरलेल्या पिशव्या मांडीवर धरून एसटीनं परत आलं.

सासूबाईंना सकाळी उठल्या उठल्या आंधळ्या जिवाचं तोंड बघणं मंजूर नव्हतं. त्यामुळे बैठकीतून जाताना त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि हमखास चौकटीला धडकायच्या. एकदा चांगलंच टेंगूळ आलं, त्यावर हळद लावता लावता जाऊबाई म्हणाल्या, "आत्याबाई, तुमच्यापरीस ते बरे. एकदा बी धडकत न्हाईत." अबोला तिथून सुरू झाला. त्यात पाण्याची भर पडली. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं. अशा गावात टाक्यांमधलं पाणी बदलायचं म्हणजे घरात दंगल. जाऊबाईंनी तोडगा असा काढला की माशांचं जुनं पाणी कढीपत्त्याला, आणि तो कढीपत्ता असा माजला की सगळी गल्ली फोडणीला आमच्याकडे यायला लागली. सासूबाई तो कढीपत्ता वापरायच्या, पण कुठल्या पाण्यावर वाढला ते बोलायच्या नाहीत. त्या दोघींमध्ये बोलायला मी होते. दोघी एकाच स्वयंपाकघरात, हाताच्या अंतरावर. सासूबाई मला म्हणायच्या, तिला सांग मीठ जास्त झालंय, आणि जाऊबाई मला म्हणायच्या, त्यांना सांग की बराबर आहे. अनेक वर्षं मी त्या घरात टेलिफोनच्या तारेचं काम केलं.

सासऱ्यांशी मात्र त्यांचं छान जमायचं, आणि त्यातूनच एकदा मोठा घोटाळा झाला. सासऱ्यांना साखरेचा आजार. जाऊबाई एकदा कौतुकानं त्यांना सांगून गेल्या की या माशांच्या रक्तात साखर भरपूर असते, मिळेल तेव्हा बकाबका खातात, अंगावर चरबी साठवतात, आणि तरीही त्यांना काही होत नाही, कारण गुहेत कधी पूर येतो तेव्हाच अन्न येतं. सासऱ्यांनी यातलं फक्त त्यांना काही होत नाही एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ते बाजारातून जिलेबी आणून टाकीसमोर बसून खाऊ लागले. सुनेनं पकडल्यावर म्हणाले, विज्ञानाचाच दाखला आहे. त्यांना दवाखान्यात नेऊन आणल्यानंतर जाऊबाईंनी टाकीवर एक पाटी लावली, हे नियम फक्त माशांसाठी आहेत.

एका सुट्टीत त्यांनी माशांचं जगणं स्वतः करून बघायचं ठरवलं. डोळ्यांना घट्ट रुमाल बांधून घरभर वावरायच्या. सुरुवातीला दुधाचं पातेलं गेलं, सासऱ्यांचा चष्मा गेला. मग हळूहळू पाय उचलायच्या ऐवजी जमिनीवरून सरकवत, एका हाताची बोटं भिंतीला नुसती लागतील न लागतील अशी धरून त्या सरळ चालायला लागल्या. वासावरून जिरं आणि ओवा, आवाजावरून माणूस ओळखायला लागल्या. शेजारणीला वाटलं नवस आहे. तिनं नारळ आणून दिला आणि कुठल्या देवाचा म्हणून विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, माशांचा. तिनं मान डोलावली. आमच्याकडे देवांची कमतरता नाही, त्यात एक मासा असेल असं तिनं धरून घेतलं असावं.

विहिरीचं प्रकरण आमच्या शेतातलं, हसनाबादजवळचं. केरळात लोकांच्या विहिरींत आंधळे मासे सापडतात असं जाऊबाईंच्या वाचनात आलं आणि मग आपल्या विहिरीत का नसावेत, हा प्रश्न त्यांना चैन पडू देईना. दिरांनी समजावलं, आपला खडक वेगळा, काळा, त्यात गुहा नसतात. "भेगा तर असतात का न्हाई?" एवढं विचारून त्या दोराला फळी बांधून, साडीचा काचा मारून, डोक्याला टॉर्च लावून खाली उतरल्या. मोठ्या घरची सून विहिरीत कशाला उतरली याचं उत्तर गावानं दुपारपर्यंत काढलं होतं. गुप्तधन. चार वाजेपर्यंत काठावर निम्मं गाव जमलं, कोणी हळदकुंकू घेऊन आलं, आणि आमचा सालगडी ज्याला त्याला सांगत होता की वहिनीसाहेब सोनं हुडकून राह्यल्या, गडबड करू नका. जाऊबाई संध्याकाळी वर आल्या त्या जाळ्यात एक भलीमोठी मरळ घेऊन, आणि तिचे डोळे चांगले वटारलेले. सगळ्यात जास्त निराश कोण झालं, गाव की जाऊबाई, हे सांगणं कठीण आहे. गावानं आपली निराशा त्या मरळीचं कालवण करून घालवली. जाऊबाई कितीतरी वेळ विहिरीच्या काठाशी, धावेवर बसून ओल्या साडीनं खाली बघत होत्या.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं आणि आम्ही नेतही होतो. पण एका संध्याकाळी कुंभार पिंपळगावहून माझ्या नणंदबाई आल्या, त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी शीतल. शीतल तेव्हा दहावीला असेल. दिवेलागणीची वेळ, बैठकीत अजून दिवा लावलेला नव्हता. शीतल आतून पाणी घेऊन आली. मी बघत होते, मला काही वेगळं दिसलं नाही. जाऊबाई मात्र बोलता बोलता थांबल्या. पोरगी पाय उचलत नव्हती, सरकवत होती, आणि एका हाताची बोटं भिंतीला नुसती लागत होती. जाऊबाईंनी तिला जवळ बसवलं आणि साधं विचारावं तसं विचारलं, तुला अंधार पडला की बाहेर चांदण्या दिसतात का गं? शीतल म्हणाली, चांदण्या तर कुणालाच दिसत नाहीत ना मामी, त्या नुसत्या पुस्तकात असतात. नणंदबाई हसल्या. जाऊबाई हसल्या नाहीत.

संभाजीनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा पडदा आतून झिजत चाललाय, आजार जन्माचा आहे, औषध नाही. पुढच्या काही वर्षांत शीतलची नजर कडेकडेनं आकसत गेली आणि एक दिवस पुरती गेली. त्या सगळ्या काळात जाऊबाई दर सुट्टीला तिला आमच्याकडे आणायच्या. रुमाल बांधून त्या जे शिकल्या होत्या ते सगळं त्यांनी तिला शिकवलं, आणि नजर पुरती जायच्या आत शिकवलं. भाकरी कधी उलटायची ते वासावरून, दूध कधी वर येतं ते आवाजावरून. दोघी स्वयंपाकघरात डोळ्यांना रुमाल बांधून तासन्‌तास हसत असायच्या. सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या आणि पदर डोळ्यांना लावून निघून जायच्या. माशांच्या टाकीसमोरून जाताना त्यांनी डोळे मिटायचं कधी बंद केलं, ते मला आठवत नाही, पण त्याच दिवसांत केलं.

शीतल पुढे बोलत्या कॉम्प्युटरचं शिक्षण घ्यायला संभाजीनगरला राहिली आणि एका बँकेत लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या कामाला लागली. कॉम्प्युटरच्या वर्गातच तिला गजानन भेटला होता. परभणीकडचा, आमच्याच समाजातला, स्वभावानं थट्टेखोर, आणि जन्मापासून आंधळा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं आणि घरी सांगितलं. नणंदबाईंनी अन्न सोडलं. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही दाजी म्हणतो, ते तर ऐकायलाच तयार नव्हते. शेवटी सगळ्यांनी आमच्याकडे बसायचं ठरलं. गजानन परभणीहून एकटा एसटीनं आला, रिक्षा करून दारापर्यंत आला, आणि आत आल्या आल्या म्हणाला, इथं पाण्याच्या मोटरी चालू आहेत, म्हणजे मी बराबर घरात आलो. जाऊबाईंना तो तिथेच आवडला.

दाजी मनाचे वाईट नाहीत. त्यांनी जे होतं ते सरळ सांगितलं. दोघांना एकमेकांचा आधार होईल, हे त्यांना पटत होतं. "पण लेकरू बी तसंच निपजलं तर? त्याला काय तोंड दाखवायचं आपण?"  मग जाऊबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि त्यांनी अमेरिकेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगितली, जी त्यांनी आम्हालाही कधी सांगितली नव्हती. तिथल्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या गुहांमधले मासे होते. सगळे आंधळे. एका गुहेतला नर आणि दूरच्या दुसऱ्या गुहेतली मादी एकत्र सोडली. आंधळा बाप, आंधळी आई. पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यांतल्या काहींना डोळे होते, आणि समोरून रेघा फिरवल्या की ती पिल्लं रेघांच्या मागे वळत होती. कितीतरी पिढ्यांत ज्यांच्या घरात कोणी उजेड पाहिला नव्हता, त्यांना दिसत होतं. कारण दोन गुहांमधलं आंधळेपण वेगळं होतं. एकीकडे जे बिघडलं होतं ते दुसरीकडे शाबूत होतं.

सासूबाई तरुणपणी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला, नराचे पराग मादीच्या फुलाला लावायला जायच्या. त्यांना हे दाजींच्या आधी समजलं. अनेक वर्षांत पहिल्यांदाच, मला मध्ये न घालता, त्या थेट मोठ्या सुनेला म्हणाल्या, "मंग सांग की त्याला, लेकराला दिसंल म्हणून."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सगळं घर त्यांच्या एका होकारावर टांगलेलं होतं, आणि तो होकार दिला असता तर अबोलाही संपला असता. त्या म्हणाल्या, "न्हाई आत्याबाई. दोघांचं वेगळं आहे का एकच आहे, ते मला ठाव न्हाई. रक्त तपासल्याबिगर मी बिलकुल सांगणार न्हाई."

दाजींनी खाली बघत विचारलं, की हायब्रीडचं बी पुन्हा पेरलं तर ते फुटतं, मूळचे गुण वेगळे होतात, मग नातवंडांचं काय. हा प्रश्न ऐकून जाऊबाईंचा चेहरा उजळला. वर्गात वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही तो प्रश्न दाजींनी विचारला होता. त्या उत्साहात म्हणाल्या, "लेकरांची लग्नं बाहेर केली तर झाकलेलं झाकलेलंच राहतं दाजी. घरातल्या घरात केली, तरच ते पुन्हा वर येतं."

आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. नणंदबाई दाजींच्या मामाची मुलगी, म्हणजे आमचे सासरे दाजींचे सख्खे मामा. आमच्या भागात असं लग्न म्हणजे नातं घट्ट करणं, दोन्ही घरं नाचली होती त्या लग्नात.  नणंदबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. जाऊबाई त्यांच्या मागे गेल्या आणि चहाचं निमित्त करून मीही गेले. नणंदबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळंच झालं का?"

जाऊबाई त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. नणंदबाईंचा हात त्यांनी हातात घेतला. "तुमच्यामुळं न्हाई, दाजींमुळं बी न्हाई. ही एक गोष्ट आपल्या समद्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप चालत आल्ती. तुमच्या दोघांच्या पदरात ती एकाच जागी पडली, बस. लग्न लावलं तवा हे कुणाला ठाव होतं? मी तरी कुठं होते?" नणंदबाई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. इतकी वर्षं त्या रडणं कुठे ठेवून होत्या कोण जाणे.

डॉक्टरांच्या मार्फत दोघांचं रक्त तपासायला गेलं. अहवाल यायला बराच वेळ लागतो असं सांगितलं होतं. त्या काळात जाऊबाईंचं जेवण सुटलं आणि त्यांच्या वाटचं मासे जेवले. येता जाता त्या टाकीत खाणं टाकायच्या, आणि या जातीला नको म्हणायचं माहीतच नाही. मासे गोल झाले, पाणी गढूळ झालं. एक दिवस सासूबाई खराटा बाजूला ठेवून मला म्हणाल्या, तिला सांग, मुकी जनावरं फुटतील. मग स्वतःच जाऊन त्यांनी जाऊबाईंच्या हातातून डबा काढून घेतला आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

अहवाल आला तेव्हा शीतल आणि गजानन दोघंही आमच्याकडेच होते. जाऊबाईंनी तो एकदा वाचला, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा वाचला. दोघांमधला बदल वेगवेगळ्या जीनमध्ये होता. मुलांना दोन्ही जीनची एकेक चांगली प्रत मिळणार होती, आणि नजरेला तेवढी पुरे असते. हे सांगतानाही त्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या म्हणाल्या. नणंदबाईंनी देवापुढे साखर ठेवली, दाजी अंगणात जाऊन उभे राहिले. गजानन म्हणाला, म्हणजे आमच्या गुहा लांब लांबच्या निघाल्या. सगळे हसले, फक्त शीतल नाही.

ती जाऊबाईंना म्हणाली, "मामी, कागद उलटा आला असता तर?"

"तर मी तेच सांगितलं असतं."

"आन् मी तरी लग्न केलंच असतं." शीतलचा आवाज शांत होता. "माझ्यासारखं लेकरू झालं असतं तर मी त्याला वाढवलं असतं. मला येतं ते. तुम्हीच शिकवलंय की."

जाऊबाईंनी अहवालाची घडी घालून तो बाजूला ठेवला. मग त्या म्हणाल्या, "बराबर आहे तुझं." पुढे कॉलेजातल्या मुलींनी मला सांगितलं की त्या वर्षापासून मॅडमनी शिकवताना दोष हा शब्द सोडून दिला. बदल म्हणतात. परीक्षेत कोणी दोष लिहिलं तर गुण कापत नाहीत, पण खाली लाल शाईनं बदल असं लिहितात.

लग्न साधेपणानं झालं. दोन वर्षांनी शीतलला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारशाच्या मांडवात नणंदबाईंनी तिच्यासमोर ओवाळण्याचं तबक फिरवलं आणि पोरीनं निरांजनाच्या मागोमाग मान वळवली. ते बघून दाजी, जे आयुष्यात कोणासमोर रडले नसतील, सरळ मांडवाबाहेर गेले. गजाननला कोणीतरी घाईघाईनं सांगितलं, दिसतंय तिला. तो म्हणाला, ते ठीक आहे, आवाज कसा आहे तिचा, तो ऐकू द्या आधी. जाऊबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिच्या डोळ्यांकडे बघण्याऐवजी त्या शीतलच्या चेहऱ्याकडेच बघत होत्या, आणि शीतल बोटांनी मुलीचं कपाळ, नाक, हनुवटी, पुन्हा कपाळ असं वाचत होती.

मागच्या वर्षी दीर निवृत्त झाले आणि जाऊबाईंचा मुलगा दोघांना बेंगळुरूला घेऊन गेला. तिथल्या एका प्रयोगशाळेला हे मासे सांभाळायचा अनुभव असलेलं माणूस हवंच होतं, त्यामुळे या वयात जाऊबाई पुन्हा पांढरा कोट घालून कामाला जातात. खूश आहेत. तिथले मासे कानडी पाणी पितात, पण ऐकतात मराठीच, असं सांगत होत्या. इथल्या टाक्या त्यांनी कॉलेजला दिल्या. बैठकीत आता चांगला सोफा आलाय, येणारे जाणारे ऐसपैस बसतात आणि चहा गरम असतानाच पितात. सासूबाई कधीकधी भाजीत मीठ घालताना थांबतात आणि माझ्याकडे बघतात, पण निरोप काही सांगत नाहीत. सांगायचा कोणाला?

रविवारी दुपारी जाऊबाईंचा फोन येतो. सासऱ्यांची साखर, पिंपळगावची पेरणी, शीतलच्या पोरीचा बडबडेपणा, सगळं विचारून होतं. मी म्हणते, समदं बरं आहे. त्या म्हणतात, मंग बरं. त्यानंतर आम्हा दोघींकडे बोलायला काही उरलेलं नसतं, आणि फोन मात्र दोघींपैकी कोणीच ठेवत नाही.